आर्वीचा फलाट

वर्धा जिल्हा तसा रेल्वेचा. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग वर्धा-सेवाग्रामला भेटतात. आर्वी मात्र या भाग्याबाहेर राहिली. पुलगावाहून ३५ किलोमीटरची अरुंद रेल्वे, आपली शकुंतला, १९१७ साली कापूस वाहायला आली आणि पुढे बंदही पडली. त्यानंतर गाडीघोडा नसलेल्यांना उरला तो एसटीचा फलाट.

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, तळेगाव यांच्यासारखंच आर्वीलाही आगार आहे. स्थानक दिसायला चारचौघांसारखंच. त्याची खरी ऐट होती ती संध्याकाळी सुटणाऱ्या मुक्कामी गाड्यांची. गाडी खेड्यावर जाऊन रात्रभर थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच नाहीतर देवळाच्या ओसरीवर पथारी टाकत. कुणाच्या तरी घरून झुणका-भाकर येई. पहाटे तीच गाडी दुधाच्या कॅन, शाळेची पोरं आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात नंबर लावायला निघालेला पेशंट घेऊन परते. ‘थांबा जी, बुढी येऊन राह्यली’ म्हटलं की कंडक्टरभाऊ घंटीची दोरी सोडून देई.

शहरात खोली करून शिकणाऱ्या मुलांचे डबेही याच गाडीने येत. केबिनजवळ नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांची रांग असे. कुणाकडे आज वांग्याची भाजी, हे पोराच्या आधी ड्रायव्हरला कळे.

घसरण एकाएकी झाली नाही. आधी फाट्याफाट्यावर काळी-पिवळी उभी राहिली, मग घरोघर मोटारसायकल आली. मार्च २०२० च्या टाळेबंदीने चाकं थांबली. ती नीट फिरू लागतात तोच २०२१ च्या दिवाळीत एसटीच्या राज्य शासनात विलीनीकरणासाठी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तुटपुंज्या पगाराचं कर्मचाऱ्यांचं गाऱ्हाणं रास्तच होतं; पण तेवढ्या महिन्यांत खेड्यांनी दुसरी सोय शोधली. राज्यभर अठरा हजारांच्या घरात असलेला गाड्यांचा ताफा पंधरा हजारांच्या आसपास आला. तुटवडा पडला की पहिली कात्री लागते ती खेड्याच्या फेरीला, कारण तिथलं उत्पन्न कमी.

गंमत अशी की सवलती मात्र याच काळात आल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. लांब पल्ल्याच्या गाड्या पुन्हा भरभरून धावू लागल्या. योजना चांगलीच, फक्त तिचा लाभ घ्यायला गावात गाडी यावी लागते. कॉलेज सुटल्यावर गावाकडची फेरी नसेल, तर पोरीला काळी-पिवळीच गाठावी लागते. ती सीटा भरल्याशिवाय हलत नाही, आणि अर्ध्या तिकिटाचं नाव काढलं की चालक नुसता हसतो.