मौन धरलेली हार्ड डिस्क

मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची छायाचित्रे, प्रबंधासाठी केलेली टिपणे, दुकानाचे दहा वर्षांचे हिशेब, घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे असे कितीतरी संचित आज तळहातावर मावणाऱ्या एका पेटीत साठवलेले असते. ही पेटी म्हणजे बाह्य हार्ड डिस्क. एके दिवशी ती संगणकाला जोडावी आणि पडद्यावर काहीच उमटू नये, दुसऱ्या संगणकालाही तिची ओळख पटू नये, असा प्रसंग अनेकांवर येतो. माणूस गोंधळतो, दिसेल ती कळ दाबतो आणि पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा या घाईनेच अधिक नुकसान होते. नवी डिस्क बाजारात विकत मिळते. जुन्या डिस्कवरील माहिती मात्र कोठेही विकत मिळत नाही. पुढील सारी तपासणी ही जाणीव मनात ठेवूनच करावी लागते.

तपासणीचा क्रम समजण्यासाठी या यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे. हार्ड डिस्क असलेले पहिले यंत्र आयबीएम या अमेरिकन कंपनीने 1956 साली जगापुढे आणले. त्यात 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे 50 लाख अक्षरे मावत. आजच्या डिस्कची क्षमता त्याच्या लाखो पट असली, तरी तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली चकती वेगाने फिरते. अनेक डिस्कमध्ये हा वेग मिनिटाला 5400 फेऱ्यांचा असतो. वाचन-लेखन करणारे शीर्ष तिला स्पर्श न करता, अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड असतो. बाह्य डिस्कच्या पेटीत याशिवाय आणखी एक छोटे सर्किट असते. डिस्कची भाषा आणि यूएसबीची भाषा यांमधील ते दुभाषी होय. संगणकाचा पोर्ट, केबल, हे सर्किट, चकती आणि तिच्यावरील माहितीची मांडणी अशी ही साखळी आहे. यातील कोणतीही कडी निखळली, तरी पडद्यावर परिणाम एकच दिसतो. म्हणून बाहेरच्या, साध्या कडीपासून आरंभ करून क्रमाक्रमाने आत जावे.

बाहेरची पहिली कडी केबलची. वारंवार दुमडल्याने तिच्या आतील तारा तुटतात, पण वरून ते कळत नाही. काही केबली तर केवळ मोबाइल चार्ज करण्यापुरत्याच असतात. त्यांतून वीज वाहते, माहिती वाहत नाही. तेव्हा डिस्कचा दिवा लागला म्हणजे केबल चांगली, असा निष्कर्ष काढता येत नाही. खात्रीची दुसरी केबल लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

त्यानंतर विजेचा विचार येतो. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचा पोर्ट नियमानुसार 500 मिलिअँपिअर, तर तिसऱ्या आवृत्तीचा 900 मिलिअँपिअर प्रवाह देतो. चकतीला प्रथम गती देताना अधिक विजेची गरज असते. एकाच पोर्टवर अनेक उपकरणे जोडणारा हब मध्ये असेल, तर ती अपुरी पडू शकते. अशा वेळी डिस्क थेट संगणकाला, आणि टेबलावरचा संगणक असल्यास त्याच्या मागील पोर्टला जोडावी. मोठ्या आकाराच्या डिस्कला स्वतंत्र अॅडॉप्टर लागतो. पिन बसते एवढ्यावरून दुसऱ्या यंत्राचा अॅडॉप्टर लावू नये. व्होल्टेज वेगळे असल्यास सर्किट जळते.

केबल आणि वीज ठीक असूनही डिस्क दिसत नसेल, तर संगणकाला ती खरोखरच जाणवत नाही, की जाणवते पण दाखवता येत नाही, हे ठरवावे लागते. विंडोज प्रणालीत ‘डिस्क मॅनेजमेंट’ ही खिडकी उघडली असता याचा उलगडा होतो. तेथे डिस्क आणि तिचा विभाग व्यवस्थित दिसत असून केवळ ड्राइव्हचे अक्षर नसेल, तर ते देताच काम भागते. डिस्क मॅक किंवा लिनक्स संगणकावर तयार केलेली असेल, तर तिची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. ती मूळ संगणकावर नेऊन पाहावी. विभागापुढे ‘रॉ’ असा शब्द दिसला, तर माहितीची मांडणी बिघडल्याची शंका घ्यावी.

याच टप्प्यावर संगणक डिस्क फॉरमॅट करण्याविषयी विचारतो. प्रश्न साधा वाटतो, पण होकार देणे म्हणजे ग्रंथाची अनुक्रमणिका फाडून तो कोरा समजणे होय. माहिती हवी असेल, तर येथे नकारच द्यावा. डिस्क ‘इनिशिअलाइज’ करण्याची सूचनाही नाकारावी. दुरुस्तीच्या आज्ञाही डिस्कवर नवे लेखन करतात. म्हणून आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

डिस्क त्या खिडकीतही दिसत नसेल, तर कान देऊन ऐकावे. ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येणे, हे शीर्षाला आपली जागा सापडत नसल्याचे लक्षण असू शकते. अशा डिस्कची वीज तत्काळ बंद करावी, कारण पुढची प्रत्येक फेरी चकतीवर ओरखडा उमटवू शकते. डिस्कवर टिचक्या मारणे किंवा ती शीतकपाटात ठेवणे हे ऐकीव उपाय टाळावेत. थंडीतून बाहेर काढताच आत दव धरते. सीलबंद डिस्क घरी उघडणे तर सर्वांत घातक, कारण शीर्षाखालच्या सूक्ष्म अंतरात धुळीचा एक कणही डोंगराएवढा ठरतो. हे काम धूळविरहित प्रयोगशाळेतील तज्ज्ञांचे आहे. याउलट, बिघाड केवळ बाहेरच्या सर्किटात असेल, तर जाणकार तंत्रज्ञ आतील डिस्क वेगळी काढून माहिती वाचू शकतो. मात्र काही पेट्यांमध्ये हेच सर्किट माहिती सांकेतिक रूपात बदलते. तेथे सर्किट बदलून भागत नाही.

एवढे करूनही प्रत्येक वेळी माहिती परत मिळतेच असे नाही. म्हणून खरी चिकित्सा बिघाडापूर्वीच करायची असते. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी, असा संकेत जाणकार पाळतात. छापखाना नसलेल्या काळात हस्तलिखिते टिकली, ती हातांनी नकलून काढलेल्या प्रतींमुळेच. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही प्रचलित प्रती पडताळून पाहूनच. भूर्जपत्र असो वा चुंबकीय चकती, साधन कधीतरी झिजणारच. जे एकाच ठिकाणी आहे, ते सुरक्षित आहे असे समजू नये.