उकुलेलेची पारख

१८७९ साली मदेरा बेटावरील पोर्तुगीज लोक उसाच्या मळ्यांत कामासाठी हवाई बेटांवर आले. त्यांच्या लहानशा तंतुवाद्यांपासून उकुलेले हे चार तारांचे वाद्य तेथे घडले. नवशिक्याने ते थोड्या पैशांत घेताना रंग व नक्षी यांना भुलू नये, स्वर पारखावा.

तारेची लांबी निम्मी केली की तिची कंपनसंख्या दुप्पट होते व स्वर एक सप्तक वर चढतो. १२ वा पडदा याच मध्यावर असतो. म्हणून प्रत्येक तार आधी मोकळी छेडावी, नंतर १२ व्या पडद्यालगत दाबून छेडावी. तोच स्वर वरच्या सप्तकात उमटला पाहिजे. तो स्पष्टपणे चढा वा उतरा लागल्यास वाद्य घेऊ नये. खुंट्या घसरत नाहीत ना, हेही पाहावे.

नायलॉनच्या नव्या तारा आरंभी ताणल्या जाऊन उतरतात. तो दोष नव्हे. थरांच्या लाकडाची तबकडीही चालते; ती दमट हवेत सहसा वाकत नाही.

बेसूर वाद्य मात्र स्वस्त म्हणू नये. त्याचा दोष शिकणारा आपल्याच कानास लावतो व शिकणे सोडून देतो.