सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरांनीच दिला पुरावा

१९४६मध्ये अमेरिकेत ‘कॅमल’ सिगारेटच्या जाहिरातींत पांढऱ्या कोटातले डॉक्टर झळकू लागले. सर्वाधिक डॉक्टर आमचीच सिगारेट ओढतात, असा कंपनीचा दावा होता. आज हसू येते; पण तेव्हा त्यात फारसे कुणाला वावगे वाटले नाही. डॉक्टर खरोखरच सिगारेट ओढत.

ब्रिटनमध्ये त्या काळी फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते. संशय होता मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यांच्या डांबरावर. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णालयांत दाखल असलेल्यांकडे त्यांच्या सवयींची चौकशी केली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांत धूम्रपान न करणारे निघाले अवघे दोन! डॉल स्वतः सिगारेट ओढत. हे आकडे हाती येऊ लागले तशी त्यांनी ती सोडली. १९५०मध्ये निष्कर्ष छापून आले, तरी अनेकांना ते पटेनात. आजारी पडल्यावर मागचे आठवून सांगितलेल्या माहितीवर किती विसंबायचे, हा आक्षेप होताच.

म्हणून धडधाकट माणसांपासून सुरुवात करायचे ठरले, आणि त्यासाठी निवडले गेले डॉक्टर. त्यांची नावे सरकारदरबारी नोंदलेली, त्यामुळे वर्षानुवर्षे माग ठेवणे सोपे. शिवाय आपल्या सवयी ते नेमकेपणाने लिहितील, ही अपेक्षा. ऑक्टोबर १९५१मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना छोटीशी प्रश्नावली टपालाने गेली आणि ४० हजारांहून अधिक उत्तरे आली. त्यातल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांवर पुढे लक्ष ठेवण्यात आले. फार थांबावे लागले नाही. १९५४च्या पहिल्या अहवालात फुप्फुसाच्या कर्करोगाने ३६ डॉक्टर दगावल्याची नोंद होती. त्यांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. गंमत म्हणजे, त्याच वर्षी धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध पत्रकारांना सांगताना ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड एकामागून एक सिगारेट पेटवत होते.

डॉक्टरांनी मात्र आपल्याच व्यवसायबंधूंचे हे आकडे मनावर घेतले. सर्वसामान्यांच्या आधी त्यांनी सिगारेट सोडायला सुरुवात केली. पण माहिती आहे म्हणून सवय सुटते, असे नाही. निकोटीनला पदवी कळत नाही. स्वतः ओढणारा डॉक्टर रुग्णाला ‘सोडा’ म्हणायला कचरतो, असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसले आहे. आपल्याकडे तर प्रश्न सिगारेटपुरताही नाही. विडी, तंबाखू, मशेरी यांबद्दल डॉक्टरांनी आवर्जून विचारायला हवे, आणि त्यांची स्वतःची सवय इथेच आड येते.

डॉल या डॉक्टरांच्या मागावर अर्धशतक राहिले. २००४मध्ये ५० वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. सतत सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटते, असे त्यात आढळले. साठीत सोडली तर त्यातली सुमारे ३ वर्षे वाचतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९ आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी.