नेम चुकतो तो नळीमुळेच?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली. शिकारी रायफली मात्र परवान्यावर लोकांच्या हाती राहिल्या. त्यांतली ओळखीची म्हणजे इशापूरची .३१५. (लष्करी .३०३ काडतूस नागरिकांच्या हाती नको, या इंग्रजी धास्तीतून हे माप रुळले.) जुनी रायफल गोळ्या पांगवू लागली की ‘नळी गेली’ असा निकाल लागतो. तो घाईचा आहे. नळी वर्षानुवर्षे झिजते. नेम एका उन्हाळ्यात बिघडला असेल, तर संशय आधी लाकडावर घ्यावा. या रायफलीच्या ली-एनफिल्ड घडणीत नळीखालचे लाकूड नीट बसलेले लागते. सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की लाकूड आक्रसते, स्क्रू सैल पडतो आणि दर गोळीला नळी वेगळी टेकते. रेंजवर पाचही गोळ्या एकाच जागी, पण बाजूला लागल्या तर नेम धरायची माशी सरकलेली. पांगल्या तर आधी स्क्रू, मग काडतुसांचा लॉट, मग नळीतला तांब्याचा थर पाहावा.

कोणी म्हणेल, जुन्या काडतुसांच्या क्षारांनी नळी आतून गंजलेलीच असते. असते, पण थोडे खड्डे पडलेली नळीही कधी कधी बरी मारते, तोंडाची कड झिजलेली चकचकीत नळी मात्र दगा देते. साफ करताना दोरी तिरकी ओढली की हीच कड घासते. ती सारखी करणे घरच्या कानशीचे काम नव्हे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो.