बाळाच्या डोळ्यातली पांढरी चमक

रोज सकाळी बांधावरून फिरताना पिकावर आपली नजर असते. पानावर ठिपका दिसला की आपण थांबतो. तशीच नजर घरातल्या तान्ह्या लेकराच्या डोळ्यांवर ठेवा. डोळ्याची बाहुली काळीभोर हवी. उजेड पडल्यावर तीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली किंवा डोळा तिरळा होऊ लागला, तर ‘मोठेपणी जाईल’ म्हणून गप्प बसू नका. तो दृष्टिपटलाचा कर्करोग असू शकतो. डॉक्टर त्याला ‘रेटिनोब्लास्टोमा’ म्हणतात. बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना तो होतो.

पूर्वी यावर इलाज एकच होता. १८०९ साली स्कॉटलंडच्या जेम्स वॉर्ड्रॉप यांनी सांगितले, की डोळा लवकर काढा, म्हणजे जीव वाचेल. पण दोन्ही डोळ्यांत गाठ असेल तर काय करायचे?

१८९५ मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले. आठच वर्षांनी, १९०३ मध्ये, अमेरिकेतील टेक्सासच्या डॉ. हिलगार्टनर यांनी या रोगावर ते वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे लंडनचे डॉ. स्टॅलर्ड यांनी किरणोत्सर्गी कोबाल्टची छोटी चकती डोळ्याच्या बाहेरच्या बाजूस, गाठीच्या नेमकी मागे, टाके घालून बसवली. ठरलेली मात्रा पोहोचली की चकती काढून घ्यायची. हेच स्टॅलर्ड १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर धावण्यात तिसरे आले होते! १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत डॉ. कॅप्लन यांनी नव्या प्रवेगक यंत्राचा झोत एका दोन वर्षांच्या मुलावर वापरला. त्याचा एक डोळा आधीच काढावा लागला होता. दुसरा वाचला, दृष्टीही राहिली.

पण औषध तणाबरोबर पिकालाही लागते, हे आपल्याला फवारणीवरून ठाऊक आहे. बाहेरून किरण दिलेल्या काही मुलांच्या चेहऱ्याची हाडे नीट वाढली नाहीत. ज्यांचा रोग आनुवंशिक होता, त्यांच्यापैकी काहींना पुढे हाडांचा किंवा मांसल भागाचा कर्करोग झाला. १९७१ मध्ये डॉ. नडसन यांनी या आनुवंशिकतेचा उलगडा केला: अशा मुलांत जन्मतःच प्रत्येक पेशीत एक दोष असतो, आणि दुसरा दोष पडला की गाठ धरते. म्हणून १९९० नंतर आधी औषधांनी गाठ लहान करायची, मग लेसर किंवा अतिथंड उपचाराने नष्ट करायची, अशी रीत आली. बाहेरचा झोत आता क्वचितच देतात. चकती मात्र टिकून आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुइंधनाच्या टाकाऊ भागातून मिळवलेल्या रुथेनियमची चकती आपल्याच देशात तयार केली आहे.

माता-भगिनींनो, वेळेवर निदान झाले तर बहुतेक मुले वाचतात, पुष्कळदा डोळाही वाचतो. शंका येताच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या नेत्रतज्ज्ञाला दाखवा. डोळ्यात मध, रस, काजळ घालून दिवस घालवू नका. घरात कुणाला लहानपणी हा रोग झाला असेल, तर पुढच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासूनच तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी डोळा काढावा लागेल असे सांगितले, तर लेकराला घेऊन घरी पळू नका. एका डोळ्यावर मूल शिकते, शेत करते, संसार करते. त्याआधी ते जगले पाहिजे.