आधी पाहावे, मग ऐकावे

मुलांनो, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. आजही तो डिसेंबरात भरतो. बेळगावहून रात्री निघाल्यास सकाळी पुणे गाठता येते. महोत्सवाच्या दिवसांत ‘षड्ज’ या उपक्रमात कलावंतांवरील माहितीपट दाखवतात. आधी तो पाहावा, मग गाण्याला बसावे.

ख्याल संथ विलंबित लयीत सुरू होतो. राग एकेक स्वराने उलगडतो. मुले नेमकी इथेच कंटाळतात. पण कलावंताची वर्षानुवर्षांची मेहनत पडद्यावर पाहिलेली असली, तर या संथपणाचा अर्थ कळू लागतो.

पालकांनो, सगळेच ऐकवण्याचा हट्ट नको. एकच गायन द्रुत लयीपर्यंत पूर्ण ऐकवा. तेवढी शिदोरी पुरते.