स्वर्गातला दुर्योधन
(लेखमाला : भाग सातवा)

निव्वळ सज्जन किंवा निव्वळ दुर्जन असा माणूस असतो का? कर्णाविषयी लिहिताना गेल्या आठवड्यात हा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला होता. महाभारताने त्याला शेवटच्या, अठराव्या पर्वात हात घातला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत स्वर्गारोहणपर्वाचे अवघे पाच अध्याय आहेत.

युधिष्ठिर सदेह स्वर्गात पोचतो आणि त्याच्या नजरेस पडतो सिंहासनावर तेजाने झळकणारा दुर्योधन. भाऊ नाहीत, द्रौपदी नाही. धर्मराजाला संताप आवरत नाही. नारद समजावतात, इथे वैर उरत नाही. क्षत्रियधर्माने रणात देह ठेवला म्हणून याला हे स्थान मिळालं. युधिष्ठिराचा एकच हट्ट : मला माझ्या माणसांकडे न्या. देवदूत नेतो त्या वाटेवर रक्तामांसाचा चिखल, केस, किडे, कुजलेली प्रेतं. दुर्गंधी असह्य होऊन तो चक्क परत फिरतो. तेवढ्यात अंधारातून विनवण्या येतात : जरा थांब, तू आलास आणि गार वारा सुटला. कोण तुम्ही? कर्ण. भीम. अर्जुन. द्रौपदी. मग मात्र तो पाय रोवतो, देवांना आणि धर्मालाही दोष देतो आणि दूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहणार.

किळसेने पाठ फिरवणारा आणि दुसऱ्याच क्षणी नरक पत्करणारा माणूस एकच आहे. महाभारतावरचा माझा विश्वास अशा जागांमुळे दृढ होतो.

इंद्राचा खुलासा सरळ आहे. प्रत्येकापाशी शुभ आणि अशुभ अशा दोन राशी असतात. पाप जास्त त्याला आधी स्वर्ग, पुण्य जास्त त्याला आधी नरक. द्रोणांना अश्वत्थाम्याच्या मृत्यूची फसवी बातमी दिली, म्हणून युधिष्ठिरालाही नरक पाहावा लागला. त्याचं वैर सुटलं तेही पुढे आकाशगंगेत स्नान करून मानवी देह टाकल्यावर.

म्हणून सगळे सारखेच, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. राशी दोन असल्या तरी सारख्या नसतात, आणि एक दुसरीला पुसत नाही. धृतराष्ट्रपुत्र विकर्ण पाहा. द्यूतसभेत, आपण खरंच जिंकलो गेलो का या द्रौपदीच्या प्रश्नाचं उत्तर भीष्मांनी धर्म सूक्ष्म आहे म्हणून टाळलं, द्रोण-कृप गप्प राहिले. हा तरुण उभा राहिला : युधिष्ठिर आधीच स्वतःला हरला होता, म्हणून द्रौपदी जिंकलेली नाही. कर्णाने त्याला पोरकट ठरवून गप्प केलं. युद्धात विकर्ण दुर्योधनाच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला. भीमाची प्रतिज्ञा शंभरही धृतराष्ट्रपुत्रांच्या वधाची होती. तरी याला मारताना भीम हळहळला. सभेतलं विकर्णाचं धैर्य खरं होतं. द्रौपदीची विटंबना करणाऱ्यांसाठी त्याने उचललेलं शस्त्रही तेवढंच खरं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याच सभेतल्या भीष्मांकडे वळू.